मदत हवी आहे : चौथीच्या मुलांना परिच्छेद कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेते. मुलांकडे सांगण्यासारखं खूप असतं. पोळ्यावर लिहायला दिलं की बैलांची अंघोळ, शिंगांचा रंग, झूल, पुरणपोळी, गावातली मिरवणूक सगळं येतं, पण ‘आणि मग’ जोडत एकाच दमात. पुरणपोळी खाऊन झाल्यावर बैल पुन्हा नदीवर जातात! काही जण उलट प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितात, कारण परिच्छेद म्हणजे ओळ सोडणं एवढंच त्यांना कळलंय.

वाक्यांच्या पट्ट्या कापून गट करायला दिल्या, तर ते छान जमतं. सकाळची तयारी एकीकडे, मिरवणूक दुसरीकडे, कुठलं वाक्य कुठे यावर भांडतातसुद्धा. अडतं ते स्वतःच्या वहीत कोऱ्या पानावर लिहिताना.

पट्ट्यांपासून वहीपर्यंतची मधली पायरी तुम्ही कशी घेता? आधी मुद्दे चौकटींत लिहून घेता, की सलग लिहू देऊन नंतर रंगीत पेन्सिलीने गट पाडायला लावता? परिच्छेदाचं पहिलं वाक्य या वयात शिकवावं का? मला वाटतं ते पाचवीत बरं, पण तुमचा अनुभव सांगा. मुलांच्या वह्यांतले नमुने असतील तर नाव झाकून नक्की टाका.