मोबाइलवरील उपासनेकडून पुन्हा चर्चकडे : मदत हवी आहे

ख्रिस्तात सलाम. 2020 च्या टाळेबंदीपासून आमच्या घरी रविवारची उपासना मोबाइलवरच होते. वडिलांच्या गुडघेदुखीमुळे ती मोठी सोय ठरली, पण आता चहा घेत उपदेश ऐकण्याची सवय सर्वांनाच जडली आहे (मुले तर गीतांच्या वेळी उभीही राहत नाहीत). बायबलमधील इब्री 10:25 या वचनातील एकत्र मिळण्याविषयीचा बोध ठाऊक असला, तरी केवळ वचन दाखवून कोणी चर्चला येईल असे मला वाटत नाही. घरच्या उपासनेत सर्वांचे मन लागावे म्हणून आपण काय करता? प्रभुभोजनाच्या (प्रभु येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारपासून प्रत्यक्ष जाण्यास आरंभ करणे योग्य ठरेल का? वयस्करांना नेण्या-आणण्याची व्यवस्था आपल्या मंडळीत कशी होते, हेही कृपया कळवावे.