लग्नात प्यायलेल्या पाहुण्याला घरी पोचवायचं कुणी?

रातकिडा (धागाकर्ता):
पुढच्या महिन्यात भावाचं लग्न. रात्रीच्या पार्टीला बार असणार हे ठरलंय. माझं म्हणणं एवढंच, बार आपण मांडतोय तर परतीच्या गाड्याही आपणच सांगाव्यात आणि आमंत्रण देतानाच विचारावं, जाताना गाडी कोण चालवणार? दोन पेग झाले की माणसाला वाटतं आपण अगदी ठीक आहोत, कारण तारतम्यच आधी ढिलं पडतं. मग रात्री बाराला पार्किंगमध्ये त्यालाच विचारून काय उपयोग? घरचे म्हणतात, लोकांना अपमान वाटेल.

खडूस:
वाटणारच. पन्नाशीची माणसं बालवाडीत आहेत का? यजमानाला त्या दिवशी शंभर व्याप, त्यात कोण किती प्यायलं याची हजेरी घ्यायची? शिवाय न्यायला गाडी आहे म्हटलं की दोनवर थांबणारा पाचवर जातो, डोळ्यांनी पाहिलंय. ज्याचा ग्लास त्याची जबाबदारी.

रातकिडा:
पाचवर गेला तरी स्टिअरिंगवर नाही ना! आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा ग्लास कुठला?

साधासोडा:
हजेरी नको, पण बारवाल्याला सांगा, माप लावून ओत. ४० टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं, ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३. त्यामुळे 'मी फक्त बिअर घेतलीय' हे फार कौतुकानं सांगू नये. जेवण लवकर सुरू करा, रिकाम्या पोटी पटकन चढते. आणि बार शेवटच्या तासाआधी बंद.

खडूस:
बंद होणार कळलं की लोक दोन-दोन ग्लास भरून ठेवतात. त्यापेक्षा कडक कॉफी पाजा, उतरते.

साधासोडा:
ग्लासांचं मान्य. म्हणून घोषणा करायचीच नाही, गुपचूप आवरायचं. कॉफीचं मात्र साफ चूक. कॉफीनं झोप उडते, दारू नाही. यकृत आपल्या गतीनं काम करतं, तासाला साधारण एक छोटा पेग. थंड पाणी, उलटी, कशानंही ती गती वाढत नाही. उलट शेवटच्या घोटानंतरही अर्धा-पाऊण तास रक्तातलं प्रमाण चढतच राहू शकतं, म्हणजे नेमकं गाडीत असताना.

रात्रपाळी:
दोन गोष्टी राहिल्या. एक, 'झोपू दे त्याला' म्हणून खोलीत एकटं टाकू नका. कुशीवर वळवा, कुणीतरी जवळ बसा. हलवूनही उठत नसेल किंवा श्वास मंद, अडखळत चालला असेल तर थेट अँब्युलन्स. दोन, रात्री एकपर्यंत पिणारा सकाळी सहाला 'झोप झाली' म्हणत गाडी काढतो. झोप झाली असेल, दारू अजून अंगात असते.

खडूस:
कायद्यानं थोडी चालते की.

रात्रपाळी:
१०० मिली रक्तात कुठे ३० मिलिग्रॅम, कुठे ५०, कुठे ८०. ती शिक्षेची रेघ आहे. गाडीवरचा ताबा त्याआधीच सुटायला लागतो.

खडूस:
म्हणूनच मुलीच्या लग्नात मी बारच ठेवला नाही. प्रश्न मिटला.

रातकिडा:
डिकीतून घेऊन आले असतील.

खडूस:
आले होते. त्यातल्या दोघांना घरी सोडायला मीच गेलो. चाव्या काढून घेतल्या म्हणून शिव्याही खाल्ल्या.