पाटीवर न्यायाधीश आणि मूटचे कप, मग बाकीचे आम्ही कोण?

माणदेशी_वकील:
काल आमच्या साताऱ्याच्या लॉ कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पोस्ट पडली, यशाची पाटीच, "सोनेरी वर्ष" म्हणून. दोघं जेएमएफसी म्हणजे खालच्या कोर्टाचे जज झाले, एक एपीपी म्हणजे सहायक सरकारी वकील, एकीला विद्यापीठाचं मेडल, मूट कोर्टात, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याच्या स्पर्धेत, टीम पहिली. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन, पोरांनी रक्त आटवलंय. माझं डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीवर. "हेच आपल्या कॉलेजचं खरं यश." हेच? म्हणजे बाकीचे वाया गेले?

मी माण तालुक्यात दहिवडीला अठरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. मागच्या महिन्यात एका आजीच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल लागला, दीर हिस्सा देत नव्हते, दावा लावला तेव्हा तिची नात पाळण्यात होती आणि आता ती दहावीला आहे. निकाल ऐकून आजी कोर्टाच्या पायरीवरच बसली, कमरेची चंची सोडली, सुपारीच्या वासाची पन्नासची नोट काढली आणि माझ्या मुठीत कोंबली. फी तिनं कधीच ज्वारीच्या पोत्यानं फेडलीय, ही नोट वेगळी होती. मी ती मोडलेली नाही.

आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे हायकोर्टाचं इकडचं बसायचं ठिकाण, सुरू झालं ते काय आपोआप? सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांतले वकील चाळीसेक वर्षं मोर्चे काढत होते, काम बंद ठेवून स्वतःचं पोट मारत होते. त्यात आपल्या कॉलेजचे किती, हे कुणी मोजलं का?

यादोगोपाळपेठ:
वकीलसाहेब, ती पोस्ट मीच लिहिलीय, त्यामुळे उत्तरही मीच देतो. ॲडमिशनला येणारा बाप पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? "इथनं किती जज झाले?" तुमची आजी आणि नोट मला पटते हो, त्या बापाला नाही पटत.

मी जावळी खोऱ्यातला. आमच्या गावात कोर्ट म्हणजे समन्स आणि भीती. २००३ साली कॉलेजच्या फळ्यावर जेएमएफसी झालेल्या मुलाचं नाव खडूनं लिहिलेलं बघितलं, गाव आमच्या शेजारचं. त्या रात्री मला झोप नाही लागली. मी जज झालो नाही, दोनदा मुलाखतीतून परत आलो, तो भाग वेगळा. पण त्या खडूच्या अक्षरांनी मला पुस्तकाला बसवलं. रामशास्त्री प्रभुणे आपल्या माहुलीचे, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा जन्म १९०१ सालचा साताऱ्यातला, पण त्यांना वकिली शिकायला पुण्याला जावं लागलं. आज पोरगं घरची भाकरी खाऊन, साताऱ्यात शिकून जज होतंय, ते ओरडून सांगायचं नाही तर काय?

शेवटचं_वर्ष:
मी त्या मूटच्या टीममध्ये होते. "मूटचे कप" असं जे शीर्षकात लिहिलंय ते लागलं मला. मेमोरियलच्या, म्हणजे लेखी युक्तिवादाच्या, प्रिंटचे पैसे आम्ही तिघींनी काढले, लाल डब्यानं रात्रभर प्रवास केला, सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुऊन कोट चढवला. कप आल्यावर फोटोत मात्र पहिल्या रांगेत सगळे सर, आम्ही मागं.

आणि यादोगोपाळपेठ सर, तुमच्या पोस्टमध्ये जज झालेल्यांची नावं आहेत, आमची नाहीत. फक्त "टीम". माणदेशी सर, आमची अडचण पण ऐका, मूट सगळं इंग्रजीत, आणि १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी. इंटर्नशिपला गेले तर निशाणी पाचवर अर्ज (तात्पुरत्या मनाईचा) म्हणजे काय, पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) कशी लिहायची, काही येत नव्हतं. वर त्या तालुका कोर्टात बायकांना धड बाथरूम नाही, मी दिवसभर पाणी प्यायचे नाही.

कराडचा_ज्युनिअर:
यश, पाटी, फोटो सगळं राहू दे. पास झाल्यावर खायचं काय ते कुणी सांगेल का? दोन वर्षं झाली मला. सकाळी फायली लावायच्या, बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, पुकारा झाला की तारीख मागायची, नकलेला रांग, झेरॉक्स, सीनिअरच्या मुलीला क्लासला सोडायचं. महिन्याला अडीच हजार, तेही आठवण केली तर. बार कौन्सिलनं (वकिलांची देशपातळीवरची संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. 'द्यावेत' म्हणजे शिफारस, कोण देतंय?

त्यात २० मे २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, जजची परीक्षा द्यायची तर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस. म्हणजे यादोगोपाळपेठ सर, तुमच्या पुढच्या पाटीवर नाव कुणाचं लागणार? ज्याच्या घरी तीन वर्षं फुकट पोसायची ऐपत आहे त्याचं. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे.

जुनी_बाररूम:
रडगाणं बंद करा राव. १९९१ ला मी सीनिअरचं ऑफिस झाडलंय, पहिली दीड वर्षं एक रुपया नाही. तालुक्याच्या सीनिअरला तरी काय मिळतं? पक्षकार म्हणतो ऊस गेला की देतो, कारखाना बिल लांबवतो, पुढच्या हंगामात तो दुसरा वकील धरतो. त्यातनं तुम्हाला १५ हजार कुठून द्यायचे, घर विकून? शिकायला मिळतंय ना? उलटतपास कुठल्या पुस्तकात येत नाही.

कराडचा_ज्युनिअर:
काका, तुम्ही दुपारी जेवायचा कुठं?

जुनी_बाररूम:
सीनिअरच्या घरी. वहिनी ताट वाढायच्या. त्याचा काय संबंध?

कराडचा_ज्युनिअर:
तोच संबंध आहे. मी स्टँडवर वडापाव खातो आणि खोलीचं भाडं भरतो. तुम्हाला पगार नव्हता पण पोट भरत होतं. आणि उलटतपास शिकवता म्हणता, दोन वर्षांत मी एकही घेतलेला नाही, तारखा मागण्यात मात्र मास्टर झालोय.

शिरवळकर:
बेंचचा विषय निघालाच आहे म्हणून, आम्हाला पुणे तासाभरावर आणि हायकोर्टाला आता अख्खा जिल्हा ओलांडून कोल्हापूर. खंडाळा, फलटणला कुणी विचारलं होतं का? तुमचं यश ते आमची गैरसोय.

माणदेशी_वकील:
शिरवळकर, त्यावर वेगळा धागा काढा, तिथं भांडू. मुंबईला पक्षकाराला घेऊन जाऊन बघितलंय का कधी? रात्रीची गाडी, लॉजचं भाडं, आणि मॅटर बोर्डावर पोचतच नाही.

जुनी बाररूम, तुम्ही मला वडिलांसारखे, पण हे चुकतंय. तीन वर्षांच्या नियमात अजून एक गाठ आहे. प्रॅक्टिस केल्याचा दाखला दहा वर्षं झालेल्या वकिलाचा चालतो, खाली न्यायाधीशांचा शेरा. म्हणजे पोराचं भवितव्य सीनिअरच्या सहीत. आज पगार मागितला तर उद्या सही कोण देईल?

जुनी_बाररूम:
सहीसाठी मी कुणाला अडवलं नाही आणि अडवणार नाही, हे लिहून ठेवा. अडवणारे आहेत, तेवढं मान्य. आणि वहिनींच्या ताटाचं... असू दे. वहिनी गेल्या मागच्या वर्षी. माझ्याकडं दोघं ज्युनिअर आहेत, त्यांना पेट्रोल देतो. १५ जमणार नाही, पण पेट्रोल म्हणजे पगार नव्हे हे कळतंय मला.

यादोगोपाळपेठ:
शेवटची ओळ आज काढतो. मूटच्या तिघींची नावं टाकतो, ती चूक माझीच. पण जजचे फोटो मोठेच राहणार, त्यावर मी हलणार नाही. माणदेशी साहेब, तालुक्यातल्या जुन्या लोकांची नावं आणि त्यांनी काय केलं ते तुम्हीच लिहून पाठवा, नुसतं बोलू नका.

माणदेशी_वकील:
पाठवतो. रविवारी बसतो. आणि कराडकर, माझ्याकडं आठ हजार मिळतील, एक तारखेला, आठवण न करता. पहिल्या महिन्यापासून उलटतपासाला साक्षीदार तुझा. दहिवडी लांब आहे, रोजचं येणंजाणं जमणार नाही, ऑफिसच्या मागं खोली आहे.

कराडचा_ज्युनिअर:
सर, आईला विचारून रात्री फोन करतो.

शेवटचं_वर्ष:
तो नाही आला तर माझं नाव धरा सर. मी माणचीच आहे, म्हसवडची. आणि ऑफिसला बाथरूम आहे ना?

माणदेशी_वकील:
आहे. आणि दोघं आलात तरी चालेल, दाव्यांची कमी नाही इथं.