महागडी बिब शॉर्ट घ्यावी का आणि घेतली तर धुवायची कशी?

कात्रज_उतार
नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, वीकेंडला खडकवासला-पानशेत नाहीतर बोपदेव घाट असं चालू असतं. सध्या डेकाथलॉनची बेसिक बिब (खांद्यावर पट्टे आणि आत पॅड असलेली सायकलिंगची चड्डी) वापरतोय, ८०-१०० किमीपर्यंत काही तक्रार नाही पण त्यापुढे बूड सीटवर टेकवत नाही, उभं राहून राहून पेडल मारतो मग मांड्या भरून येतात. डिसेंबरात ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची म्हणतोय, २० तासांचा टाइम लिमिट, म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस त्याच चड्डीत. बोनस झालाय तर एकदाच काहीतरी चांगलं घ्यावं असा विचार आहे, रॅफा, कास्टेली, असोस असल्या सायकलिंग ब्रँडचं काहीतरी. किमती बघून आईने विचारलं की एवढ्यात पैठणी येते, तू चड्डी घेणार?

तर प्रश्न असे, की १५-२० हजारात खरंच फरक पडतो का नुसतं नाव? बिब घेऊ का बिब-जर्सी दोन्ही थोड्या कमीतली घेऊ? आणि आमच्याकडे कपडे धुवायला मावशी येतात, त्या सगळं एकाच बादलीत भिजवून ब्रश मारतात, तर ते चालेल का काय करायचं? पावसाळ्यात आत्ताचीच बिब दोन दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारते.

घाटवेडी
बिब घे, जर्सी राहू दे. जर्सी ८०० ची असली तरी घाम तोच येणार आहे पण पॅड वाईट असलं तर २०० किमीला रडशील. पैसे टाकायचे तर बसायच्या जागेत टाकायचे, एवढं साधं आहे.

आता फरक कुठे असतो ते सांगते. जाड पॅड म्हणजे चांगलं पॅड हा गैरसमज आहे. स्वस्तातल्या बऱ्याच बिबमध्ये उशीसारखा जाड मऊ फोम असतो, दुकानात दाबून बघितला की मस्त वाटतो पण तासाभरात चपटा होतो आणि मग हाडं थेट सीटवर. चांगल्या पॅडमध्ये फोम पातळच असतो पण घट्ट, आणि जिथे बसायची दोन हाडं टेकतात तिथेच जास्त घनतेचा, बाकी ठिकाणी नरम. लांब पल्ल्याच्या पॅडला १२० किलो प्रति घनमीटर वगैरे आकडा लिहिलेला दिसेल, तो ह्याच घनतेचा. अंगठ्याने जोरात दाबून सोड आणि बघ, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. गंमत म्हणजे खूप ब्रँड स्वतः पॅड बनवतच नाहीत, इटलीतल्या एलास्टिक इंटरफेससारख्या कंपनीकडून घेतात, त्यामुळे मधल्या किमतीच्या बिबमध्येही चांगलं पॅड मिळू शकतं, टॅग वाचत जा.

दुसरं म्हणजे माप, आणि हे पॅडपेक्षाही महत्त्वाचं आहे खरं तर. बिब घालून आरशासमोर सरळ उभा राहिलास तर खांद्याचे पट्टे ओढल्यासारखे वाटणार, पुढून आखूड वाटणार, आणि तेच बरोबर आहे, कारण ती वाकून बसलेल्या माणसासाठी कापलेली असते. दुकानात सायकलवर बसून बघ, निदान हँडल धरल्यासारखं वाकून तरी बघ. उभं असताना आरामशीर वाटली तर ती मोठी आहे, पॅड हलणार आणि हललं की घासणार. ट्राय करताना अंडरवेअरवरून कर (लोकांनी परत करायच्या असतात) पण नंतर राइडला आत काहीही घालायचं नाही, हे दर वेळी कोणालातरी सांगावं लागतं म्हणून लिहिलं.

आणि मुलींसाठी वेगळं पॅड असतं, जेन्ट्सची छोटी साइज घेऊ नका ग बायांनो. शिवाय पट्टे न काढता मागून खाली घेता येईल अशी बिब बघा, हायवेवर लघवीला उसाचा आडोसा शोधत फिरताना जर्सी, विंडचीटर, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सगळं उतरवायचं म्हणजे शिक्षा आहे.

अण्णा_कोल्हापूर
मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. १०० किमीनंतर बसवत नाही म्हणतोस तर आधी सीट आणि सीटची उंची तपास की भावा. सीट अर्धा इंच वर असली की कंबर डावी-उजवी हलते, घासतं, मग २० हजाराची चड्डी काय करणार. आमच्या ग्रुपात एकजण सगळे ब्रँड घालून बघून दमला, शेवटी सीटचं नाक थोडं खाली केल्यावर गडी गप्प झाला.

पूर्वी लोक लोकरीच्या चड्डीत आणि आत खऱ्या चामड्याचं पॅड लावून टूर द फ्रान्स करायचे, ते चामडं धुतलं की पापडासारखं कडक व्हायचं म्हणून त्याला क्रीम चोळायचे, तिथून ही सगळी शॅमॉय क्रीमची (शॅमॉय म्हणजे ते पॅड) भानगड आली. लायक्राची चड्डी आली ती ७० च्या दशकात, स्वित्झर्लंडच्या असोस वगैरे कंपन्यांमुळे. त्याआधी जग चालतच होतं.

मंद_पेडल
अण्णा चालत होतं पण फोडही येत होते की 😄 सीटचं मात्र शंभर टक्के खरं, आधी सायकलची फिटिंग, म्हणजे ती अंगाच्या मापाला बसवून घेणं.

मी धुण्याबद्दल लिहितो कारण महागड्या बिबची वाट रस्त्यावर कमी आणि मोरीत जास्त लागते. पहिली गोष्ट, मावशींच्या बादलीत टाकायचीच नाही. मावशींचा दोष नाही त्यात, त्यांना काय माहीत ह्या चड्डीची किंमत, पण ब्रश मारला की पॅडच्या वरचं कापड फुलतं, बारीक गोळ्या येतात आणि पुढच्या राइडला त्या गोळ्या तुम्हाला कळतात. आपली आपण धुवायची, पाच मिनिटांचं काम आहे.

राइडवरून आल्या आल्या. संध्याकाळी बघू, सोमवारी बघू असं नाही. घाम मिठाचा असतो, काळ्या बिबवर पट्ट्यांपाशी पांढरे नकाशे उमटतात ना ते मीठच, ते वाळून धाग्यात बसलं की धागा खरखरीत होतो, आणि ओल्या पॅडमध्ये जंतू वाढतात तो वास वेगळाच. मी तर आंघोळीलाच घेऊन जातो, उलटी करून नळाखाली धरली की निम्मं काम तिथेच.

मग कोमट नाहीतर गार पाणी, ३० डिग्रीच्या वर नाही, आणि लिक्विड साबण, आपलं लोकरीच्या कपड्यांचं इझी असतं तसलं सौम्य. पावडर नको कारण ती नीट विरघळत नाही आणि पॅडमध्ये अडकते, त्यात सोसायटीला टँकरचं नाहीतर बोअरचं जड पाणी असेल तर अजूनच, साबण निघतच नाही, मग घाम आला की तोच साबण अंगाला लागतो आणि खाज. पॅड दाबलं की फेस येतोय का बघायचं, येत असेल तर अजून धुवायचं. मशीनला टाकायची तर उलटी करून, जाळीच्या पिशवीत, जेंटल सायकल, आणि वेल्क्रो किंवा उघडी चेन असलेलं काहीही सोबत नको.

कम्फर्ट वगैरे फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही. वास छान येतो पण तो धाग्यावर थर चढवतो आणि घाम शोषून बाहेर टाकायचं कापडाचं काम बंद पडतं, म्हणजे ज्यासाठी पैसे दिले तेच गेलं. ब्लीच नाही, इस्त्री तर नाहीच.

वाळवताना पिळायची नाही. जाड टॉवेलवर पसरायची, टॉवेलची गुंडाळी करायची आणि त्यावर गुडघा टेकवून दाबायचं, पाणी टॉवेलमध्ये जातं. मग उलटी, म्हणजे पॅड बाहेरच्या बाजूला, सावलीत पंख्याखाली. पट्ट्यांना लटकवू नका, ओलं पॅड जड असतं, पट्टे ताणले जातात, मधोमध दोरीवर टाका. कडक उन्हाने लायक्रा मरतो, हे सगळ्यात जास्त लोक करतात, गच्चीवर दिवसभर.

लायक्रा मेला कसा ओळखायचा तर बिबच्या मागच्या भागात हात घालून उजेडाकडे धरा, बोटं दिसायला लागली तर ती आता घरच्या ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायचा स्टँड) वापरायची, रस्त्यावर तुमच्या मागे येणाऱ्यांचा विचार करा.

डब्लिनकर
इकडे आयर्लंडमधून. मंद_पेडल यांच्या लिस्टमध्ये एक भर, इथे सगळे कपडे ड्रायरमध्ये टाकायची सवय असते, बिब चुकूनही टाकू नका, पॅडचा फोम आणि मांडीची सिलिकॉनची ग्रिपर पट्टी दोन्ही जातात. उलट रेन जॅकेटला थोडी उष्णता लागते. जॅकेटवर पाण्याचे थेंब घरंगळण्याऐवजी कापडात मुरायला लागले की लोक ते फेकून देतात, पण बऱ्याचदा वरचा कोटिंगचा थर नुसता मळलेला असतो, टेक वॉशने (रेन जॅकेटसाठीचा खास साबण) धुऊन लेबलवर परवानगी असेल तर कमी उष्णतेवर ड्रायर केलं की थेंब परत घरंगळतात.

पण खरं सांगू का, आपल्या जुलैच्या पावसात ताम्हिणीला चढताना कुठलंही जॅकेट घातलं तरी आतून घामाने भिजणारच. तिथे उतारासाठी खिशात मावणारं पातळ विंडचीटर किंवा बिनबाह्यांचं जॅकेट पुरतं. २५ डिग्रीच्या पावसाला युरोपातल्या थंड पावसाचं जॅकेट घेऊ नका.

साइजबद्दल: इटालियन ब्रँडची साइज लहान येते, इथे एम घालणारा कास्टेलीत एल घालतो. चार्टवर छाती-कंबर सेंटिमीटरमध्ये मोजून बघा, शर्टाच्या साइजवरून नको. कोणी नातेवाईक बाहेरून येणार असेल म्हणून मागवत असाल तर आधी त्याच मॉडेलची साइज कोणाकडे तरी घालून बघा, कारण बदलून द्यायला तो नातेवाईक परत तिकडे जाणार नाही.

कात्रज_उतार
बापरे, खूप आभार सगळ्यांचे. अण्णा, काल रात्रीच सीट मोजली, फिटिंगला नाव नोंदवलंय. घाटवेडी ताई, अजून एक विचारतो जरा ऑकवर्ड आहे, क्रीम लावायची का? आमच्या ग्रुपात कोणी व्हॅसलीन म्हणतं, कोणी खोबरेल तेल. आणि मला पावसाळ्यात जांघेत लाल चट्टा येतो, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, लावली की जातो, परत येतो.

घाटवेडी
ऑकवर्ड काही नाही, इथे सगळ्यांचंच झालंय. १०० च्या आत क्रीमची गरज नाही, लांब राइडला जिथे घासतं तिथे थोडी लाव. व्हॅसलीन लावू नको असं माझं मत, ते पॅडमधून साध्या साबणाने निघत नाही आणि पॅड चिकट होतं. खोबरेल चालतं लोकांना पण तेलाचा वास पॅडमध्ये राहतो, मग परत इथे येऊन विचारशील.

पण चट्टा जातो आणि परत येतो हे क्रीमचं प्रकरण वाटत नाही. गोल कडा आणि खाज असेल तर गजकर्ण असू शकतं, आणि मेडिकलमधल्या मिक्स ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्याने दोन दिवसांत लाली जाते, बुरशी तशीच राहते आणि मग चिवट होते. ती ट्यूब थांबव आणि आधी स्किनच्या डॉक्टरला दाखव, बिब नंतर. तोपर्यंत राइड संपली की चहा-पोह्यांना तासभर ओल्या बिबमध्ये बसू नकोस, पिशवीत सुकी हाफ पँट ठेव.

मंद_पेडल
+१. आणि बिब एकच घेतोस तर आठवड्यात दोन राइड मारताना तीच परत ओली घालशील. त्यापेक्षा एका २० हजारवाल्याऐवजी ८-१० हजारवाल्या दोन बघ, आलटून पालटून वापरल्या की दोन्ही नीट वाळतील.

अण्णा_कोल्हापूर
आणि बीआरएमच्या दिवशी कोरी करकरीत घालू नका, आधी एखाद्या १५० ला घालून बघा. रात्री घालायचं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण तेव्हाच घालून बघा, जर्सीच्या मागच्या खिशावर येतं ते, केळं काढताना हात अडकतो.