दुर्गा प्रसाद वि. बलदेव : कबूल करून पण कमिशन का नाही मिळालं?

फातोर्ड्याचो_एलएलबी:
कॉन्ट्रॅक्टचा पेपर आहे आणि ही केस काय डोक्यात शिरत नाही. अलाहाबाद हायकोर्ट, १८८०. ह्या दुर्गा प्रसादने कलेक्टरच्या हुकुमावरून स्वतःच्या खिशातून बाजारात दुकानं बांधली, मग तिथे येऊन बसलेल्या व्यापाऱ्यांनी कबूल केलं की आमच्यामार्फत खपणाऱ्या मालावर तुला कमिशन देऊ, आणि नंतर दिलंच नाही, तर कोर्टाने त्यांनाच सोडलं?? खर्च खरा, शब्द दिला तो खरा, मग अडलं कुठे?

म्हापशेकार:
अडलं ते कलेक्टरपाशी. १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं सेक्शन २ (डी) परत वाच, तिथे कन्सिडरेशनची, म्हणजे वचनाच्या बदल्यात केलेल्या गोष्टीची व्याख्या आहे. जे काय केलंय ते वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून केलेलं पाहिजे. वचन दिलं व्यापाऱ्यांनी, बांध म्हणाला कलेक्टर. समज उद्या मामलेदार तुला म्हणाला बाजारात शेड घाल, तू साहेबाला खूश करायला घातलीस, मग मासळीवाल्या बाया आपणहून म्हणाल्या टोपलीमागे काहीतरी देऊ, तर तुझा खर्च काय त्यांच्या सांगण्यावरून झाला? त्यांनी दिलं तर बरं, पण कोर्टात ओढून वसूल नाही करता येत.

फातोर्ड्याचो_एलएलबी:
मग १८८६ ची केदारनाथ वि. गोरी महंमद? हावड्याच्या टाऊन हॉलसाठी गोरी महंमदने १०० रुपये वर्गणी लिहिली, त्याला बदल्यात काय मिळालं? तरी कलकत्ता हायकोर्टाने भरायला लावलेच की.

म्हापशेकार:
अरे मिळालं काय हे बघायचंच नाही, सांगितलं कोणी ते बघ. वर्गणीवाल्यांना ठाऊक होतं की ह्या आकड्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम देणार, आणि तसं ते दिलं. म्हणजे खर्च त्यांच्या सांगण्यावरून झाला. दोन्ही केसी शेजारी शेजारी लिही, परीक्षकाला तेच पाहिजे असतं.

दिवचलकार:
त्याच ॲक्टचं सेक्शन २५ (२) पण लिही हां. आधी स्वखुशीने केलेल्या कामाची भरपाई द्यायचं वचन कन्सिडरेशन नसलं तरी चालतं, पण ते काम वचन देणाऱ्यासाठी केलेलं असलं पाहिजे, आणि इथे ते केलं कलेक्टरसाठी, त्यामुळे माझ्या मते ती पळवाट पण बंद.
बाकी १८८० त गोव्यात हा कायदाच नव्हता, १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड होता, त्यात पात्रता, दोघांची संमती आणि होण्यासारखी गोष्ट असली की करार झाला, कन्सिडरेशनची भानगडच नाही. १८७२ चा ॲक्ट आपल्याकडे मुक्तीनंतर आला. तेव्हा जुना कागद हातात आला तर आधी तारीख बघ, मग २ (डी) काढ.