पाखरं मारायचा सरकारी परवाना: कोर्टात जाणाऱ्यांचं काय चुकलं?

येळ्ळूरचा पाखरवेडा
परवा कडोलीकडं पावण्यांच्या शेतात गेलो होतो. जोंधळा निसवलाय. कणसांवरून जुन्या कॅसेटची रिळं ताणून बांधलेली, वारा आला की घूं घूं वाजतात. पावणे म्हणाले, "तीन दिवस भ्याले राघू. चौथ्या दिवशी रिळाखालून आत!" मग नेहमीचा विषय निघाला: सरकारनं मारायचा परवानाच द्यावा.

मला इंग्लंडची 2019 ची गोष्ट आठवली. तिथं कावळे, मॅगपाय (कावळ्याचाच काळापांढरा भाऊबंद), रानकबुतरं धरून 16 जातींसाठी सर्वसाधारण परवाने होते. अर्ज नाही, कुणाला विचारणं नाही. आपण अटीत बसतो असं स्वतःच ठरवायचं आणि बार काढायचा. क्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे या पक्षीमित्रांच्या 'वाइल्ड जस्टिस' संस्थेनं लोकवर्गणी काढून त्याला कायदेशीर आव्हान दिलं. 'एकही पाखरू मारू नका' असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तिथल्या 1981 च्या वन्यजीव कायद्यात आहे की दुसरा समाधानकारक उपाय नसेल तरच परवाना द्यायचा. मग ती खात्री परवाना देणाऱ्या 'नॅचरल इंग्लंड' या सरकारी खात्यानं करायची की बंदूकवाल्यानं? खात्यानं चूक कबूल केली आणि 25 एप्रिलला परवाने रद्द केले. माझ्या मते बरोबर झालं. सही करणाऱ्यानं आधी बघितलं पाहिजे.

कडोलीकर
काय सांगूलास बा? सही करणारा बघायला येईपर्यंत कणसात दाणा उरतोय होय?

राघूंचं सोड, मोराचं सांगतो. भुईमूग टोकणून घरी आलो, सकाळी जाऊन बघतो तर ओळ धरून उकरलेली. एक दाणा चुकवला नाही गड्यानं. माझ्यापेक्षा त्याची ओळ सरळ. दुसऱ्यांदा बियाणं आणलं, त्याचे पैसे कोर्टात जाणारे देणार काय? पहाटे पत्र्याचा डबा बडवून बडवून माझ्या बायकोचा खांदा गेलाय. तुमचं बरं आहे, दुर्बीण घेऊन यायचं, फोटो काढायचे, नाश्त्याला घरी.

शहापूरचा वकील
मोरासाठी परवाना मिळणारच नाही, त्यावर भांडू नका. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. पिकाचं नुकसान त्यात येत नाही. दुसऱ्या अनुसूचीसाठी मात्र, आणि राघू तिच्यात येतो, उभ्या पिकाचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथं लेखी हुकूम निघू शकतो, पण कारणं लिहून. 'लोकांच्या तक्रारी आल्या' एवढ्यावर सही झाली, तर असा हुकूम मी स्वतः धारवाड खंडपीठात घेऊन जाईन.

जाता जाता: कावळा आपल्याकडं उंदराच्या पंक्तीला पाचव्या अनुसूचीत होता, म्हणजे उपद्रवी, कुणीही मारावा. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली. पितरांच्या घासाला ज्याची वाट बघायची, त्याची कायद्यात ही किंमत होती.

खानापूर जंगलपट्टी
पाखरवेडे, अर्धीच गोष्ट सांगितलीस. परवाने रद्द झाले ते मेंढ्या व्यायच्या दिवसांत. कावळे नव्या कोकराचे डोळे टोचतात, आणि मेंढपाळांच्या हातात दोन दिवसांचीही मुदत नव्हती. बोंब झाल्यावर तेव्हाचे पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या खात्यानं कारभार आपल्याकडं घेतला आणि जूनमध्ये नवे परवाने निघाले. वेल्समध्ये तर याच संस्थेचा दावा 2021 साली फेटाळला गेला. मिळवलं काय? आपल्याकडंही 2016 ला बिहारची नीलगाय, हिमाचलची माकडं उपद्रवी ठरवली, तेव्हा सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली नाही.

माझ्याकडं पीकराखणीची बंदूक आहे, आज्याच्या वेळची. निवडणूक लागली की ठाण्यात जमा. परत आणायला तीन हेलपाटे. डुकरं काय आचारसंहिता पाळतात?

येळ्ळूरचा पाखरवेडा
मुदतीचं कबूल. ऐन हंगामात तसं करायला नको होतं, आणि ते मी आधीच सांगायला हवं होतं. पण पुढं काय झालं तेही बघा. पॅकहॅम यांच्या फाटकाला मेलेले कावळे टांगले. कायद्याचा मुद्दा काढला म्हणून!

आणि त्या 16 जातींत आपला राघूही होता. तिकडं तो परका, पिंजऱ्यातून सुटून वाढलेला. म्हणजे इथं ज्याला पिंजऱ्यात ठेवणंही गुन्हा, त्याला तिथं गोळी. एकच पाखरू. म्हणून म्हणतो, गावगाव बघून ठरवा. सरसकट कागद नको, मारायचाही नको आणि वाचवायचाही नको.

खानापूर जंगलपट्टी
गावगाव बघायला माणसं कुठायत खात्यात?

शहापूरचा वकील
हा मुद्दा खरा. पण माणसं नाहीत म्हणून कारणं न लिहिता हुकूम काढा, हे कुठलंही कोर्ट ऐकणार नाही. उलट, दोन वर्षांच्या नुकसानीचे फोटो, तारखा, काय काय उपाय करून बघितले त्याची यादी एवढं शेतकऱ्यानंच अर्जाला जोडलं, तर नकार देणाऱ्यालाही कारण लिहावं लागेल. तो नकारही मग कोर्टात नेता येतो. आव्हान काय पक्षीमित्रांनीच द्यायचं असं नाही.

कडोलीकर
हे कुणी आधी सांगितलं नाही. मागं एका कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, पाखरानं खाल्लेलं सिद्ध कसं करणार? वर अर्ज कन्नडात पाहिजे.

पाखरवेडे, तुला कन्नड लिहायला येतंय ना? रविवारी ये. रिळाचा फोटो तू काढच, ते बी जोडूया. राघूचं तेवढं लिही, मोराचं नाव घालू नको, वकीलसाहेब म्हणालेत तसं.