मदत हवी आहे: इंटरनेटचा वेग वायरवर ९४, माजघरात वायफायवर ४. राउटर बदलू का?

मंडळी, घर चिपळूणजवळ, जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. भिंती दीड-दीड फुटी. फायबर इंटरनेट १०० एमबीपीएसचं (म्हणजे वेग; खालचे आकडेही त्यातच). राउटर पडवीत, कारण जोडणीवाल्याने तिथेच भोक पाडलं आणि निघून गेला. मी माजघरात बसून ऑफिसचं काम करते. मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि माझं तोंड अर्धवट उघडं अडकून राहतं.

मोजून पाहिलं ते असं. लॅपटॉपला लॅनची वायर लावून ९४. पडवीत राउटरसमोर, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर ८८. तिथेच २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर फक्त २१! माजघरात ५ दिसतच नाही, २.४ वर ३-४.

राउटर बंद-चालू केला, चॅनल १, ६, ११ तिन्ही लावून पाहिले. शेजारचं वायफाय एकच दिसतं, तेही पुसट. कंपनीचा माणूस म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या. वायरवर १०० पूर्ण मिळतायत, मग वरचे २०० पडवीतच राहणार ना? नवा राउटर घेऊ का?

प्रतिसाद १
थांबा, खर्च नको. भिंत मध्ये नसताना २१ म्हणजे गडबड सेटिंगमध्ये आहे. २.४ वर लॅपटॉप जोडून वायफायच्या माहितीत लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप राउटरशी किती वेगाने जोडलाय ते, बघा. किती दिसतो?

धागाकर्ती
बरोब्बर ५४. राउटरला चिकटून बसले तरी ५४च.

प्रतिसाद १
मग २.४ च्या सिक्युरिटीत टीकेआयपी लागलंय. ही वायफाय कूटबद्ध करायची जुनी पद्धत. ती असली की ८०२.११एन या नंतरच्या वायफाय मानकाचा वेग मिळत नाही, राउटर जुन्या ५४ वर उतरतो आणि हातात त्याच्या निम्म्याहून कमी पडतं. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ आणि त्यात एईएस ही नवी कूटपद्धत निवडा. टीकेआयपी-एईएस मिसळलेला पर्याय घेऊ नका.

धागाकर्ती
सापडलं! दिवाळीत भाच्याने जुना प्रिंटर जोडायला तिथे काहीतरी खुडबुड केली होती. बदलल्यावर पडवीत २.४ वर ५२. प्रिंटर मात्र रुसला, त्याला यूएसबीची वायर लावली. माजघरात आता ९. मीटिंग चालते, पण पाऊस सुरू झाला की सगळं घर ऑनलाइन. माजघरात रिपीटर लावू?

प्रतिसाद २
रिपीटर माजघरात लावलात तर तो तेच मरतुकडं सिग्नल पुढे ढकलणार, शिवाय निम्मा वेळ राउटरशी बोलण्यात घालवणार. चिऱ्याच्या भिंतीला वायरच बरी. घरात जुना राउटर पडलाय का? तो माजघरात ठेवा, पडवीतल्या राउटरपासून त्याच्यापर्यंत कॅट ६ (नेटवर्कची वायर) ओढा, दोन्ही टोकं राउटरांच्या लॅनच्या पोर्टमध्ये, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्या पोर्टमध्ये) नाही. जुन्याचा डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारी सोय) बंद करा. त्याआधी त्याचा आयपी पत्ता बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळा.

एक सांगतो, वायरच्या आतल्या तारांच्या चारही जोड्या टोकाच्या प्लगमध्ये नीट क्रिंप करून (दाबून बसवून) घ्या. १०० ला दोन जोड्यांवर भागतं, उद्या खरंच ३०० घेतलंत तर चारही लागतील.

धागाकर्ती
जुना राउटर आहे, फडताळात. पण वायर पोटमाळ्यावरून न्यावी लागेल आणि तिथे उंदरांचं राज्य. गेल्या वर्षी त्यांनी टीव्हीची केबल खाल्ली. पीव्हीसी पाइपातून नेली तर टिकेल का? कोणाचा अनुभव?